इंग्रजीत फिरणं, वाकणं, पिळणं यासाठी इतके शब्द का? आणि घड्याळ नव्हतं तेव्हा क्लॉकवाइजला काय म्हणायचे?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत, त्यातला घड्याळाचा शेवटी घेतो. पहिला म्हणजे टर्न, बेंड, ट्विस्ट, रोटेट, रिव्हॉल्व, रेंच असे ढीगभर शब्द कशाला, एकावर भागलं नसतं का. नसतं भागलं, कारण यातले बरेच शब्द कुठल्या ना कुठल्या कारागिराच्या हातातून आलेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं. क्लासवाले समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करून घेतात तिथेच सगळा घोळ होतो असं माझं मत आहे.

मी आयटीआयचा टर्नर, मराठी यादीत आमच्या ट्रेडचं नाव कातारी, त्यामुळे आधी आमचा शब्द. ग्रीकमध्ये तोर्नोस म्हणजे लेथ, लाकूड किंवा धातू गोल फिरवत ठेवून कापायचं यंत्र, त्यावरून लॅटिनमध्ये तोर्नारे म्हणजे लेथवर गोल कातणे, आणि तिथून इंग्रजीत टर्न. म्हणजे आधी लेथ आला आणि नाक्यावरचा लेफ्ट टर्न त्याच्या कितीतरी नंतर. टूर हा शब्दपण ह्याच खानदानातला, तेव्हा टुरिस्ट लोक आमचे लांबचे पाहुणे लागतात.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी शब्द थ्रो. कुंभार चाकावर मडकं घडवतो त्याला इंग्रजीत पॉट थ्रो करणं म्हणतात, आणि लोकांना वाटतं की मातीचा गोळा चाकावर आपटतात म्हणून तसं म्हणत असतील. तसं नाहीये. जुन्या इंग्रजीत थ्रावान म्हणजे पिळणे, फिरवणे, आणि फेकण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, कुंभारांनी मात्र जुनाच अर्थ धरून ठेवला. जर्मनमध्ये ह्याचा भाऊ ड्रेएन, त्याचा अर्थ आजही फिरवणेच आहे. थ्रेडपण इथलाच, पीळ देऊन केला तो थ्रेड, मग तोच शब्द स्क्रूवर गेला, आपण ज्यांना आटे म्हणतो ते.

बेंड हा तिरंदाजांचा. जुन्या इंग्रजीत बेंडान म्हणजे धनुष्याला दोरी चढवून ताणणे, म्हणून तर तो बँड आणि बाइंड म्हणजे बांधण्याच्या शब्दांचा सख्खा. दोरी ताणली की लाकूड वाकतं, तर हळूहळू बांधणं मागे पडलं आणि वाकणं उरलं. जहाजावरचे लोक दोन दोर एकमेकांना जोडायच्या गाठीला अजूनही बेंड म्हणतात, तिथे वाकण्याचा काही संबंध नाही, जुना बांधण्याचा अर्थ आहे. बो म्हणजे वाकणे आणि बो म्हणजे धनुष्य हे दोन्ही एकाच मुळाचे, एल्बोमधला बो पण तोच, हात जिथे वाकतो ती जागा.

ट्विस्टमध्ये टू म्हणजे दोन लपलाय, दोन पदर एकमेकांवर वळून केलेला दोर. गंमत म्हणजे जर्मनमध्ये त्स्विस्ट म्हणजे भांडण. दोघं एकत्र आले की दोर वळतील नाहीतर भांडतील.

मग ती डब्ल्यू-आर वाली मंडळी: रिंग म्हणजे ओला कपडा पिळणे (अंगठीची नव्हे, डब्ल्यूवाली), रेंच म्हणजे हिसका देऊन पिळणे, रिस्ट म्हणजे मनगट, रीथ म्हणजे वळून केलेलं फुलांचं कडं. सगळीकडे पीळ आहे. पूर्वी तो डब्ल्यू उच्चारायचे, आता नुसता स्पेलिंगमध्ये पोरांना छळायला ठेवलाय. राँगपण ह्यातलाच, मुळात अर्थ वाकडा, स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. आपणही म्हणतोच की वाकड्यात शिरू नको.

आणि वेंट! गो चा भूतकाळ वेंट कसा काय, हे शाळेत कुणी सांगत नाही. तो गो चा नाहीच, वेंड नावाच्या जुन्या क्रियापदाचा आहे, ज्याचा अर्थ वळणे. गो ने उचलून आणला, आणि वेंड स्वतः आता जवळजवळ एका ठरलेल्या वाक्प्रचारापुरताच उरलाय.

रोटेट, रिव्हॉल्व, रिव्हर्स हे लॅटिनचे शिकलेले शब्द, पण त्यांच्यात आपले नातेवाईक सापडतात. रोटेटमधला रोटा म्हणजे चाक, आणि संस्कृत रथ त्याच मुळाचा. साधा व्हील आणि आपला चक्र एकाच मुळाचे, ग्रीकमार्गे आलेला सायकलसुद्धा. रिव्हर्समधला वर्तेरे म्हणजे वळवणे, तो आपल्या वर्तुळ आणि वृत्तचा भाऊ. कवितेचा वर्स पण तिथूनच, लॅटिनमध्ये वर्सुस म्हणजे नांगराने शेतात पडलेली ओळ, शेतकरी शेताच्या टोकाला औत वळवतो तसं ओळ संपली की वळायचं. आणि आपण छंदाला काय म्हणतो, तर वृत्त.

आता घड्याळ. क्लॉकवाइज हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, त्याआधी सरळ सनवाइज म्हणजे सूर्याच्या दिशेने म्हणायचे. युरोपात सूर्य पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला जातो, छायायंत्राची सावली त्याच अंगाने फिरते, आणि घड्याळाचे काटे त्या सावलीच्याच दिशेने फिरतात. स्कॉटलंडमध्ये ह्या दिशेला डेसील म्हणत, मूळ शब्द तिथल्या गेलिक भाषेतला. मार्टिन मार्टिन ह्या स्काय बेटावरच्या लेखकाने १७०३ मध्ये लिहून ठेवलंय की तिकडची माणसं हातात विस्तव घेऊन घराभोवती, बाप्तिस्मा न झालेल्या बाळाभोवती ह्या दिशेने फिरत. त्यातला देस म्हणजे उजवा आणि दक्षिण, दोन्ही. आपला दक्षिण शब्दही संस्कृतात उजवा आणि दक्षिण असे दोन्ही अर्थ घेऊन येतो, प्रदक्षिणा त्यातूनच, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत.

उलट्या दिशेला विडरशिन्स. चर्चभोवती असं उलटं फिरणं अशुभ, चेटकिणींचं काम मानायचे. ह्याचा सूर्याशी संबंध लोक नंतर लावतात पण शब्द जुन्या जर्मन बोलीतला, नुसता उलट्या वाटेने एवढाच अर्थ. डिक्शनरीत विदरशिन्स असंही स्पेलिंग सापडेल, दोन्ही एकच.