हार्पवर हात बसवताना: काही वाचकांचे प्रश्न

वय 54. पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटीची साथ करतो. हार्प शिकून पहिल्या ग्रेडच्या परीक्षेला बसायची इच्छा आहे. उशीर झाला का? (फोंडा)

नाही. सूर ओळखणं, लय धरणं, गाणाऱ्याच्या मागे जाणं या गोष्टी लहान मुलाला शिकवायला वर्षं जातात, त्या तुमच्याकडे आहेत. परीक्षेला वयाची अटही नाही. अडचण येईल ती हाताची, आणि तीसुद्धा पेटीच्याच सवयीमुळे.

पेटीवर बोट उचललं की सूर थांबतो. हार्पवर उलटं आहे: तार सोडली की सूर सुरू होतो आणि त्याची आस रेंगाळत राहते. पुढचा सूर तिच्यावर चढतो, पाचसहा सुरांत सगळा गलका होतो. त्यामुळे तार छेडण्याइतकंच ती वेळेवर तळव्याने शांत करणंही शिकावं लागतं. पेटीवाल्यांना हे सगळ्यात उशिरा सुचतं, म्हणून पहिल्या आठवड्यापासून सांगते.

हार्पमध्ये करंगळी वापरत नाहीत. अंगठा वर, त्याखाली तीन बोटं. पाश्चात्य सुरांच्या नावांत लाल तार म्हणजे C, काळी किंवा निळी म्हणजे F. बाकीच्या तारा या दोघींवरून ओळखायच्या. उजव्या हाताची चारही बोटं लाल तारेपासून शेजारशेजारच्या चार तारांवर ठेवा, अनामिका लाल तारेवर, अंगठा F वर. आता अनामिकेने तार ओढा आणि बोट तळव्यात मिटू द्या. उरलेली तीन बोटं तारांवरून हलली का? हलणारच. ती स्थिर राहीपर्यंत पुढचं बोट सोडू नका. मग मधलं, तर्जनी, अंगठा. ओढ बोटाच्या टोकातून नाही, मुळातून यायला हवी. हा एवढा धडा माझ्याकडे येणारे मोठे विद्यार्थी महिनाभर करतात आणि कंटाळतात, पण मी तो सोडू देत नाही. धून वाजवायची घाई केलेले हात पुढे सरळ करायला फार त्रास होतो.

पहिले काही आठवडे बोटांची टोकं दुखतील. एकदम तासभर बसू नका, पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच वाजवू नका. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीला फोड लवकर येतात. नखं मात्र कापलेलीच हवीत.

पाऊस सुरू झाला की माझ्या हार्पच्या आतड्याच्या तारा तुटतात. गेल्या जूनमध्ये तीन गेल्या. (म्हापसा)

घुमट या आपल्या मातीच्या तालवाद्याचं चामडं पावसात ढिलं पडतं आणि ते शेकून घ्यावं लागतं, हे आपल्याकडे चवथीच्या आरत्यांना बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आतड्याची तारही प्राण्याच्या अंगातलीच, ती हवेतलं पाणी पिते. पण तिला शेकता येत नाही. तिच्यावर मोठा ताण असतो, लाकडी फळीही त्याच वेळी फुगत असते, आणि दिवसभर एसी, रात्री खिडकी उघडी असा खेळ चालला की तार धीर सोडते. सतत दमट हवेपेक्षा हे वरखाली होणं जास्त वाईट.

हार्पला सुमारे 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. आपल्या पावसाळ्यात ती कुठल्याकुठे जाते. म्हणून गोव्यात नव्याने घेणाऱ्यांना मी मधल्या-वरच्या सप्तकांना नायलॉनच्या तारा सुचवते. आवाज थोडा वेगळा, पण जून ते सप्टेंबर रियाज अडत नाही. खालच्या धातूने मढवलेल्या तारांना खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसा आणि हार्प समुद्राकडच्या खिडकीपासून, बाल्कांवापासून (घराच्या पुढच्या ओट्यापासून) लांब ठेवा.

तार बदलायला स्वतः शिका. खालच्या गाठीत जुन्या जाड तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकवायचा, म्हणजे गाठ फळीच्या भोकातून वर निसटत नाही. नवी तार आठवडाभर उतरत राहते. दिवसातून चारदा चढवावी लागेल, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी तार बदलू नका.

परीक्षा समोरासमोर द्यावी की व्हिडिओवर? नोटेशन वाचता येत नाही. (मडगाव)

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या दोन्ही परीक्षा 150 गुणांच्या. 100 ला उत्तीर्ण, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन. समोरासमोरच्या परीक्षेत तीन रचना, प्रत्येकी 30 गुण. शिवाय स्केल्सना, म्हणजे सुरांच्या चढत्या-उतरत्या ओळींना 21, न पाहिलेलं वाचून वाजवण्याला 21 आणि कानाच्या चाचणीला 18. व्हिडिओच्या परीक्षेत चार रचना, आणि उरलेले 30 गुण एकूण सादरीकरणाला. चारही रचना एकाच सलग रेकॉर्डिंगमध्ये हव्यात, मध्ये कापाकापी नाही.

सोय व्हिडिओत आहे. तरी जमत असेल तर समोरासमोर द्या, असं मी आग्रहाने सांगते. आपण ऐकून शिकलेली माणसं. वाचायची जबरदस्ती झाल्याशिवाय वाचत नाही, आणि कानाच्या चाचणीत तर आपल्याला भीती नाही. वाचनाची सुरुवात लाल तारेपासून करा: पाच रेघांवर C कुठे कुठे बसतो ते आधी डोळ्यात भरा, मग F. रोज चार ओळी, कितीही सोप्या, पण न थांबता.

व्हिडिओच करायचा तर पंखा बंद, सूर त्याच घटकेला लावलेला, आणि पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजून गेल्यावरची वेळ. दोन रचनांच्या मध्ये कोणते लीव्हर (तारेचा सूर अर्ध्या सुराने चढवणाऱ्या छोट्या खिट्ट्या) बदलायचे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. हात सुरांत चुकण्याआधी इथे चुकतो.

हार्पवर राग वाजतो का? (साखळी)

वाजतो, आणि हा प्रश्न मला फार आवडतो. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो ती वीणा धनुष्यासारख्या वाकाची, म्हणजे हार्पच्याच कुळातली. वाद्य आपल्याला परकं नाही.

लीव्हर हार्प बहुधा ई फ्लॅटमध्ये लावतात, म्हणजे लीव्हर खाली असताना E, A, B अर्ध्या सुराने उतरलेले असतात. सगळे लीव्हर खाली ठेवा आणि G ला सा माना: भैरवी तुमच्या हाताखाली आली. तिथेच B आणि F चे लीव्हर वर करा, भैरव. C ला सा धरून E, A, B वर केले तर बिलावल, त्यात F वर केला की यमन. बिहाग, केदार मात्र जड जातात. दोन्ही मध्यम एकाच तारेवर, डाव्या हाताने ऐन वाक्यात लीव्हर फिरवावा लागतो. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, सूर हलवणारी गमक नाही. तिथे आसच कामाला लावायची.

घरी कधीतरी तानपुरा लावून शुद्ध गांधाराची तार किंचित उतरवून बघा. पेटीवर जन्मभर न मिळालेला गांधार ऐकू येईल. परीक्षेआधी मात्र ट्यूनरवर परत आणा.

22 तारांचं स्वस्त हार्प घेऊ का? (पेडणे)

सगळ्या तारांना लीव्हर असतील तर सुरुवातीला चालेल. नसतील तर घेऊ नका, दर रचनेला पुन्हा सूर लावत बसाल. ऐपत असेल तर 34 तारांचं बघा, ते गाडीच्या मागच्या भागात सीट पाडून मावतं. 47 तारांचं, सात पेडलांचं मोठं हार्प पहिल्या ग्रेडला लागत नाही.