गेलेल्या पायाचा सातबारा

प्रश्न : आमच्या अण्णांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. त्याला पाच महिने झाले, जखमही भरली. पण रात्री अडीच-तीनला ते हाक मारतात, ‘अंगठा पिळवटतोय, जरा सरळ कर.’ अंगठा तर आता नाहीच! आई म्हणते, मनावर परिणाम झालाय. एका नातेवाइकांच्या मते कापलेला पाय नीट पुरला नाही म्हणून हे होतंय. अण्णांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आधी आईंना सांगा, अण्णांच्या मनाला काही झालेलं नाही. हात किंवा पाय काढलेल्या बहुतेक माणसांना तो अवयव जागेवरच असल्यासारखा वाटतो, आणि त्यातल्या पुष्कळांना तो दुखतोही. पाय कुठे नि कसा पुरला याचा इथे काही संबंध नाही. सोळाव्या शतकात आंब्रवाज पारे या फ्रेंच शल्यवैद्याने जखमी सैनिकांना नसलेला अवयव दुखतो, असं लिहून ठेवलंय. 1871 मध्ये वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे आभासी अवयव, हे नाव दिलं.

हे मला फार उशिरा कळलं. 1988 साली मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकती लागले होते. जत भागातला एक तरुण होता, डावा हात कडबाकुट्टीत गेलेला. तो म्हणाला, ‘ताई, मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात रुतत्यात, तेवढी सोडवा की.’ मी म्हटलं, ‘हात नाहीये आता, विसरायला शिका.’ त्यानंतर तो माझ्याशी व्यायामापुरतं बोलायचा, हाताबद्दल नाही. तो खरं सांगत होता आणि मी त्याला गप्प केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर देतेय.

मेंदूच्या वरच्या थरात आपल्या अख्ख्या शरीराचा नकाशा असतो. वाइल्डर पेनफिल्ड हे मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद रुग्ण जागा असतानाच शस्त्रक्रिया करत. मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श केला की रुग्ण सांगे, ‘बोटाला मुंग्या आल्या’, ‘ओठाला काहीतरी लागलं’. अशी एकेक नोंद जोडत 1937 मध्ये त्यांनी नकाशा मांडला. त्यात हाताच्या जागेला लागून चेहऱ्याची जागा येते.

पुढे चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन अमेरिकेत सॅन डिएगोला काम करत होते. 1992 च्या सुमारास त्यांनी हात गमावलेल्या एका तरुणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि गालावर कापसाची काडी फिरवली. त्याला ती गालावर जाणवलीच, शिवाय नसलेल्या हाताच्या अंगठ्यावरही जाणवली. रामचंद्रन यांनी अर्थ लावला तो असा : हाताची जमीन पडीक पडली आणि शेजारच्या चेहऱ्याने बांध कोरला. मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं.

आता मात्र त्यात दुरुस्ती करायला हवी. 2025 मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीन माणसांच्या मेंदूची चित्रं हात काढण्याआधी घेतली होती आणि नंतरही घेत राहिले, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत. हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा सापडला. म्हणजे बांध कोरलाच गेला नाही, सातबारा अजून हाताच्याच नावावर आहे! अण्णांना अंगठा जाणवतो तो म्हणूनच. त्यात थोटकातल्या तुटलेल्या नसांची टोकंही वर संदेश धाडत राहतात. मेंदू पायाला हलायचा हुकूम सोडतो, पण ‘हललो’ असा उलट निरोप येत नाही.

रामचंद्रन यांनी हा निरोप डोळ्यांवाटे पोचवायची युक्ती काढली, तीही साध्या आरशाने. 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाय गमावलेल्या 22 जणांवर ती तपासली. काहींना आरसा दिला, काहींना झाकलेला आरसा, आणि काहींनी डोळे मिटून पाय हलतोय अशी नुसती कल्पना करायची. रोज 15 मिनिटं, 4 आठवडे. आरशाच्या गटातले शेवटपर्यंत टिकलेले सहाही जण म्हणाले, दुखणं कमी झालं. नुसती कल्पना करणाऱ्या सहांपैकी चौघांचं उलट वाढलं.

तुम्ही घरी असं करा. कपाटाच्या दाराला असतो तसा लांब आरसा आणा आणि त्याच्या कडांना चिकटपट्टी लावा. अण्णांना पाठीला टेका देऊन, पाय लांब करून बसवा. आरसा दोन्ही पायांच्या मधे उभा धरायचा, चकचकीत बाजू डाव्या पायाकडे. थोटूक आरशामागे झाकलेलं राहील. डाव्या बाजूला किंचित झुकून त्यांनी आरशात पाहायचं, म्हणजे उजवा पाय परत आल्यासारखा दिसेल. मग डावा अंगठा सावकाश वळवायचा, सरळ करायचा आणि मनाने उजवाही तसाच हलवायचा. घाई करू नका. पहिल्या दिवशी काहींना रडू फुटतं, काहींना गरगरतं. तसं झालं तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण माझ्या पाहण्यात काही जणांची वर्षानुवर्षं आवळलेली मूठ सुटली आहे. सुरुवातीला जवळच्या फिजिओथेरपिस्टना सोबत घेतलंत तर उत्तम.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची गरज या दुखण्यासाठी नाही. अण्णा खचले असतील, जेवण-झोप सुटली असेल, तर जरूर जा. थोटूक लाल झालं, गरम लागलं, त्यातून पाणी आलं किंवा तिथे दाबल्यावर कळ आली, तर मात्र शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. डाव्या पायाचा तळवा रोज उजेडात तपासा, मधुमेहात तिथली जखम बऱ्याचदा जाणवत नाही.

आणखी एक, आणि हे आज रात्रीपासूनच करा. मेंदूच्या हिशेबी पाय आहे, त्यामुळे माणूस अर्धवट झोपेत उठतो, नसलेल्या पायावर उभा राहायला जातो आणि पडतो. मी असे पडलेले रुग्ण पाहिलेत. वॉकर पलंगाला लागून ठेवा, रात्री मंद दिवा असू द्या आणि उठण्याआधी थोटकावर हात ठेवायची सवय अण्णांना लावा. पुन्हा ‘अंगठा सरळ कर’ म्हणाले तर ‘नाहीये’ म्हणू नका. ‘कुठल्या बाजूला पिळवटतोय?’ असं विचारा.

प्रश्न : आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या का होत नाहीत?
— इयत्ता सातवी, चिपळूण

उत्तर : हात हलवायचा हुकूम सुटतो तेव्हाच मेंदू ‘आता इथे स्पर्श होणार’ असा अंदाज बांधतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू हे काम करतो. अंदाज खरा ठरला की तो स्पर्श फिका पडतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी यंत्राचा हात वापरला. एका हाताने दांडा हलवायचा आणि यंत्राने दुसऱ्या तळव्यावर मऊ स्पंज फिरवायचा. स्पंज तत्काळ हलला तर गुदगुल्या कमी व्हायच्या. तो सेकंदाच्या एक पंचमांशाइतका उशिरा हलला की अंदाज चुकायचा आणि गुदगुल्या वाढायच्या! यंत्र नाही म्हणून अडू नका. एक पीस घ्या, आधी स्वतःच्या तळव्यावर फिरवा, मग डोळे मिटून भावंडाच्या हातात द्या. काय फरक वाटला ते मला लिहून कळवा.