स्फटिक वाढवून पोट भरतं का?

मुलुंडहून एका आईचं पत्र आलंय: "लेक टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स. मार्क चांगले आहेत. डेटा सायन्सचा कोर्स कर म्हटलं तर म्हणते, मला रेअर अर्थ धातूंचे स्फटिक वाढवून त्यांचं मॅग्नेटिझम बघायचंय. आम्हा दोघांना यातलं ओ की ठो कळत नाही. याने पोट भरतं का?"

नमस्कार. पोटाचं सांगते, पण आधी लेक कशाच्या नादी लागली आहे ते बघू. तुमच्या इअरफोनमधला इवलासा चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा असतो. निओडिमियम हा रेअर अर्थ धातूंपैकीच एक. या धातूंचं चुंबकत्व अणूच्या पार आत दडलेल्या इलेक्ट्रॉनांत असतं. शेजारच्या अणूपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. मग या इवल्या अणु-चुंबकांच्या दिशा जुळतात कशा? भरलेल्या बेस्टमध्ये आपण कंडक्टरकडे पैसे पोचवतो तशा, मधल्यांच्या हातून. इथले मधले म्हणजे धातूभर मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन. फक्त निरोप अंतरागणिक फिरतो: इथे 'माझ्यासारखा उभा राहा', जरा पुढे 'माझ्या उलट'. म्हणून एखाद्या स्फटिकात सगळे एका दिशेला, दुसऱ्यात एकाआड एक उलटे, तिसऱ्यात गोल जिन्यासारखे वळत गेलेले. यांच्यातलाच गॅडोलिनियम तर साधारण २० अंश सेल्सिअसच्या खालीच चुंबकाला लोखंडासारखा चिकटतो. मुंबईत त्याला वर्षातले बहुतेक दिवस फ्रिजमध्ये ठेवावं लागेल! कित्येक संयुगं मात्र द्रवरूप हेलियमच्या थंडीत, उणे २६९ अंशांच्या आसपास गेल्यावरच ताळ्यावर येतात.

आता रोजचं काम. धातूंचे तुकडे मोजून अल्युमिनाच्या मुशीत कथलाबरोबर ठेवायचे, मूस क्वार्ट्झच्या नळीत निर्वात करून बंद करायची, भट्टी हजार अंशांच्या वर न्यायची आणि मग तासाला दोन-तीन अंश अशा चालीने उतरवायची. दोन-तीन आठवडे. शेवटी नळी गरम असतानाच उलटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, म्हणजे वितळलेलं कथील निथळतं. तळाशी कधी तांदळाएवढा लखलखीत स्फटिक मिळतो, कधी नुसता राखाडी चुरा. चुरा निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. मार्कांवरून हा पिंड कळत नाही.

या कामासाठी मुंबईसारखं गाव नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) गटाने १९९४ साली यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या संयुगात अतिवाहकता, म्हणजे अति थंडीत वीज जराही न अडता वाहणं, शोधली. यट्रियमच्या जागी एर्बियम हा रेअर अर्थ धातू घातला तर अतिवाहकता आणि चुंबकीय शिस्त एकाच स्फटिकात नांदतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी १९८५पासून आहे. तिथल्या न्यूट्रॉनांनी कुठला अणू कुठे तोंड करून उभा आहे ते कळतं. पवईच्या आयआयटीतही हे काम चालतं.

आणि पोट. लाडीगोडी न लावता सांगते: एम.एस्सी., मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. त्यातली पहिली दोन वर्षं ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये (२०२३पासूनचा दर). पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनासाठी, बहुधा परदेशी जावं लागतं. कायमची नोकरी तिशी उलटल्यावर, तीही मिळेलच असं नाही. तोवर मैत्रिणींचे फ्लॅट झालेले असतील आणि नातेवाईक विचारत राहतील, हे धरून चाला. पण व्हॅक्यूम, भट्ट्या आणि अतिशीत तापमान हाताळणारी मुलगी रिकामी बसलेली मी पाहिलेली नाही. शिवाय चीनने एप्रिल २०२५मध्ये डिस्प्रोशियम, टर्बियम या गाड्यांच्या मोटरींच्या चुंबकांत लागणाऱ्या रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातल्यापासून आपल्या गाडी-कारखानदारांनाही या धातूंची नावं पाठ झाली आहेत. त्या भरवशावर मात्र करिअर ठरवू नका, बाजार फिरतो.

तिने यंदा जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि जेस्ट (संशोधन संस्थांची) द्याव्यात. अभ्यास दोन्हींचा बराचसा एकच. त्याहून महत्त्वाचं, उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांचा प्रकल्प मिळवावा. त्यासाठी हिवाळ्यातच प्राध्यापकांना ईमेल करायला लागावं, पाच-सहा जणांना तरी. पहिली मूस उघडल्यावर चुरा निघाला, तर त्या संध्याकाळी ती घरी येऊन काय बोलते ते ऐका. तोवर डेटा सायन्सच्या कोर्सची फी भरू नका.