जमावबंदीची नोटीस आली, आता काय?

प्रश्न : ताई, आम्ही नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतली १५-२० मुलंमुली, एमपीएससी करतोय. जाहिरात रखडलीये म्हणून अलका चौकात फलक घेऊन तासभर उभं राहायचं ठरवलं तर पोलिसांनी कलम १६८ ची नोटीस हातात दिली, जमावबंदी आहे म्हणे. गावाहून वडील फोनवर सांगतायत, केस पडली तर सरकारी नोकरी विसर. खरंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी धीर धर. १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच दिलेली ताकीद, गुन्हा दाखल झाला असं नाही. पूर्वी १४९ ची नोटीस म्हणायचे तीच ही, जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवा कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आला नि नंबर बदलला.

आता जमावबंदी. पुण्यात ती बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली लावतात, आणि सरकारच्या मंजुरीशिवाय ती १५ दिवसांवर चालत नाही, म्हणून एक आदेश संपला की दुसरा निघतो आणि लोकांना वाटतं शहरात कायमचीच बंदी आहे, मला हे फार खटकतं. आदेशाची प्रत माग, तारखा बघ, 'परवानगीशिवाय' असा शब्द आहे का बघ. असेल तर परवानगी मागायची वाट उघडीच आहे ना! अर्जात जागा, वेळ, किती जण, जबाबदार कोण ते लिही, पोच घे, आणि नाकारलं तर कारणासकट लेखी माग, कारण तोंडी 'नाही' घेऊन हायकोर्टात काय दाखवणार?

२०२० मध्ये माजलगावात सीएएविरुद्ध (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध) धरणं धरायचं होतं त्यांना ३७ चाच आदेश दाखवून अडवलेलं, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला, शांतपणे विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असंही सुनावलं. पण त्याच वर्षी दिल्लीतल्या शाहीनबागच्या सीएएविरोधी धरण्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही. अलका चौकात संध्याकाळी ट्रॅफिक काय असतो तुला माहितीये, त्यापेक्षा कलेक्टर कचेरीसमोरची जागा माग.

नोकरीचं म्हणशील तर २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ केस असेल तर ती लपवल्याची चूकही नेमणूक करणारा सोडून देऊ शकतो. देईलच असं नाही. पण नोकरीआधीच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर विचारलेलं लपवलं तर तेच जास्त अंगाशी येतं. वडिलांना एवढं नीट समजावून सांग, त्यांची काळजी खोटी नाहीये.