कपडे काढा, जॅकेट नको : नेचरिस्ट कयाकिंगबद्दल तुमचे प्रश्न

मी कयाक आणि कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद बोटी, शिकवते, रेस्क्यूचं ट्रेनिंगही देते, आणि नेचरिस्ट कयाकिंग, म्हणजे कपड्यांशिवाय वल्हवणं, मला स्वतःला मनापासून आवडतं. संथ नदीत सकाळचं ऊन पाठीवर घेत जाण्यासारखं सुख नाही. म्हणूनच तेच तेच गैरसमज परत परत विचारले जातात तेव्हा काळजी वाटते, कारण यातले काही गैरसमज जिवावर बेतणारे आहेत.

नेचरिस्ट कयाकिंगसाठी वेगळी कयाक घ्यावी लागते का?

नाही.

आमच्या इथल्या नदीवर सहसा कोणी नसतं. कोणी बघणारंच नसेल तर चालतं ना?

कोणी नसणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नदीचं वळण संपलं की समोर कोण येईल हे तुम्हाला आधी दिसत नाही. कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या कायद्यानुसार अंगप्रदर्शनाचा गुन्हा ठरायला समोरच्याला घाबरवायचा किंवा त्रास द्यायचा हेतू असावा लागतो, पण दुसरीकडे नुसतं दिसलात तरी गुन्हा होऊ शकतो. त्यामुळे एका देशातला नियम ऐकून दुसऱ्या देशात वागू नका. पाणी एकाच्या अखत्यारीत आणि काठाची जमीन दुसऱ्याची असंही असतं, म्हणजे बोटीत चालतं पण जेवायला काठावर उतरलात की चालत नाही. क्रोएशियात लिम खाडीच्या तोंडाशी कोवेरसाडा हा नेचरिस्ट रिसॉर्ट 1961 पासून आहे, तरी तिथून बोट काढतानासुद्धा मी आधी विचारीन की पाण्यात हद्द कुठपर्यंत आहे. तिथल्या नेचरिस्ट क्लबला विचारा, शंका राहिली तर वकिलाला विचारा, आणि एक लुंगी किंवा शॉर्ट्स हाताशी ठेवा. ड्राय बॅगच्या (पाणी न शिरणाऱ्या पिशवीच्या) तळाशी नको, दहा सेकंदात अंगावर येईल अशी.

लाइफ जॅकेट उघड्या अंगाला घासतं आणि पट्ट्यांचे पांढरे डाग राहतात, म्हणून मी ते बोटीवर मागे बांधून ठेवतो. मला पोहता येतं. शिवाय कपडे नसले की भिजून जड होत नाही, उलट सेफच असतो असं ऐकलंय. आता कमरेला बांधायचा फुगणारा बेल्ट घेऊ का? जाहिरातीत नेचरिस्ट लोकांसाठी खास असं म्हटलंय.

याचं उत्तर लांबणार आहे, पण पूर्ण वाचा.

आधी ते "ऐकलंय". भिजलेले कपडे पाण्यात माणसाला खाली ओढत नाहीत. कपड्यात शिरलेलं पाणी पाण्यात असताना वजन देत नाही, ते जड लागतं ते बाहेर येताना. हात मारायला थोडा अडथळा होतो हे खरं, पण कपडे अंगालगत थोडं कोमट पाणी धरून ठेवतात. उघड्या अंगाला तेही नाही. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे कपडे नसलेल्या माणसाला जॅकेटची गरज कमी नाही, जास्त आहे.

आता "पोहता येतं". पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर अंग पाण्यात पडल्या पडल्या आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, तो तुमच्या हातात नसतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पहिला घोट फुप्फुसात जातो. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्ट यांचा 1-10-1 हा हिशोब मी प्रत्येक बॅचला पाठ करायला लावते: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातापायांनी कामाची हालचाल करता येते अशी साधारण 10 मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण 1 तास. हे अगदी थंड पाण्याचं आहे, पण यातून कळतं काय, की माणूस गारठून मरायच्या कितीतरी आधी बुडतो, कारण हात चालेनासे होतात. जॅकेट अंगावर असेल तरच तो 1 तास तुम्हाला मिळतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या आकडेवारीत बोटींच्या अपघातात बुडून गेलेल्यांपैकी, ज्यांच्या जॅकेटची माहिती मिळाली त्यातल्या दहातल्या आठांहून जास्त जणांच्या अंगावर ते नव्हतं.

माझ्या ग्रुपमध्ये एकदा एक जण होता, रोज पोहणारा, अंगाने दणकट. जॅकेट मागच्या इलॅस्टिकखाली अडकवलेलं. मी दोनदा सांगितलं, तो हसून "हो हो" म्हणाला. खाडीच्या तोंडाशी पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला आणि उलटला. वारा जमिनीकडून होता. रिकामी कयाक वाऱ्याबरोबर कशी पळते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल, हा हात मारतोय आणि बोट लांबच चाललीय, जॅकेटही तिच्याबरोबर. मी पोचेपर्यंत काही मिनिटंच गेली असतील. मी त्याला म्हटलं माझ्या बोटीच्या टोकाची दोरी धर, तर त्याची बोटं दोरीभोवती वळत नव्हती, त्याने ती मनगटात अडकवून घेतली. ते मनगट अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. जॅकेट त्याच्यापासून फार लांब नव्हतं, पण अंगावर नव्हतं.

तरी कोणाला वाटत असेल की पडल्यावर घालू, तर छातीइतक्या शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, पाय न टेकता घालून बघा. एक हात घातला की दुसरी बाजू तरंगत कानाशी येते, झिप सापडत नाही, पट्टा पाठीमागे अडकतो. गरम, शांत पाण्यात ही अवस्था होते.

फुगणारा बेल्ट: तो आधी ओढून फुगवायचा आणि मग बहुतेक मॉडेलमध्ये डोक्यातून घालायचा असतो. जी बोटं दोरी धरू शकत नाहीत ती हे करणार आहेत का? वाहत्या, खडकाळ पाण्यात तर तो नकोच. "नेचरिस्टसाठी खास" हे शब्द छापले म्हणून तो वेगळा होत नाही, तोच बेल्ट जास्त पैशात विकायची ती युक्ती आहे.

घासण्यावर उपाय आहे. कपड्यांवर मापून घेतलेलं जॅकेट उघड्या अंगावर सैल होतं आणि सैल जॅकेटच जास्त घासतं, म्हणून ट्रायल उघड्या अंगावरच घ्या, पट्टे आवळा, कोणालातरी खांद्यांना धरून वर ओढायला सांगा, हनुवटीपर्यंत आलं तर माप चुकलंय. सनस्क्रीन पूर्ण सुकल्यावरच जॅकेट चढवा, नाहीतर सरकतं. एवढं करूनही काखेत किंवा छातीवर सोलवटत असेल तर खाली लायक्राचं पातळ बनियन घाला, त्याने तुमचं नेचरिस्टपण कमी होत नाही. आणि साध्या कयाकिंग जॅकेटला 50 न्यूटनची, म्हणजे साधारण पाच किलो वजनाएवढी, उचल असते, ते पोहणाऱ्याला मदत करतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. पोहता येत नसेल, हृदयाचा त्रास असेल किंवा फिट येत असतील तर कुठलं जॅकेट घ्यायचं आणि मुळात जायचं की नाही हे डॉक्टर आणि ट्रेनर दोघांना विचारून ठरवा. पांढऱ्या डागांचं म्हणाल, तर राहू द्या ते डाग.

वॉटरप्रूफ सनस्क्रीन एकदा लावलं की दिवसभर पुरतं असं दुकानदार म्हणाला. की त्यापेक्षा खोबरेल तेल बरं?

तेल म्हणजे सनस्क्रीन नाही, ते विसरा. आणि वॉटरप्रूफ सनस्क्रीन नावाची गोष्टच नसते. अमेरिकेत तर लेबलवर तो शब्द छापायलाही परवानगी नाही, पाण्यात 40 मिनिटं किंवा 80 मिनिटं टिकतं एवढंच लिहिता येतं. दर दोन तासांनी लावा, आणि पाण्यात पडलात किंवा पुसलंत की लगेच परत. पूर्ण अंगाला एका वेळी 30 ते 35 मिली लागतं, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे, लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. जो भाग आयुष्यात कधी उन्हात गेला नाही तो पहिल्या तासातच भाजतो, आणि कयाकमध्ये बसल्यावर मांड्यांची वरची बाजू आणि पोटाखालचा भाग सरळ आभाळाकडे असतो, हे लक्षातच येत नाही. तळहात मात्र धुवा, नाहीतर वल्हं निसटतं. यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, 3 किंवा त्याहून जास्त झाला की काळजी घ्यायचीच, पातळ ढग असले तरी. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी कातडी उन्हाला फार लवकर भाजते, त्यामुळे कुठलंही औषध चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

सीटवर टॉवेल टाकावा का?

भाड्याच्या बोटीत टाकाच, तो शिष्टाचार आहे. पण लोंबता नको, पायात गुंतेल असा तर अजिबात नको. निओप्रिनचं (रबरासारख्या स्पंजी कापडाचं) पातळ पॅड सगळ्यात बरं, ते सरकत नाही. बसायच्या आधी सीटवर पाणी मारा, गडद रंगाचं प्लास्टिक उन्हात किती तापतं हे उघड्या अंगाने शोधू नका.

उलटल्यावर परत बोटीवर चढताना पोट आणि मांड्या खरचटतात. काय करू?

पोट, बूड, पाय, याच क्रमाने. पाय मागे लांब करून जोरात मारायचे, पोट बोटीवर आडवं घ्यायचं, मग वळून बूड सीटवर, पाय शेवटी. गुडघा आधी टाकलात की बोट परत उलटते आणि खरचटतंही. हुक आणि क्लिप कुठे आहेत ते निघायच्या आधी हात फिरवून बघा. बाकी हे वाचून येत नाही, एकदा ट्रेनरसमोर करा.

खाडीत जायला कुठली वेळ चांगली? ओहोटी लागली तर उतरून बोट ओढत आणू शकतो ना?

नाही ओढू शकत. खाडीचा चिखल मांडीपर्यंत धरतो, त्यात कालवांच्या धारदार शिंपा असतात, आणि उघड्या अंगाने तिथे अडकलात तर पाणी परत येईपर्यंत कित्येक तास सावलीशिवाय काढायचे. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी साधारण सहा तासांत उतरतं, पण सारख्या वेगाने नाही: पहिल्या तासात एकूण उतरणाऱ्या पाण्याच्या बाराव्या हिश्शाएवढं, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे "अजून बरंच पाणी आहे" असं वाटतं त्याच्या पुढच्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. चढत्या भरतीबरोबर आत जा, भरती पूर्ण व्हायच्या आत परत फिरा. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येक खाडीला लागू पडेलच असं नाही, म्हणून तिथलं भरतीचं कोष्टक बघा आणि तिथे रोज बोट घालणाऱ्या माणसाला विचारा. पायात बूट हवेतच. नदीत उलटलात तर गुडघ्याच्या वर वाहत्या पाण्यात उभे राहू नका, पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला पुढे पाडून खाली दाबतो.

ग्रुपचे फोटो काढले तर चालेल?

प्रत्येकाला विचारून, दरवेळी विचारून. ड्रोन नको.

नदीवरून आल्यावर आठवड्याने ताप आला, पिंढऱ्या फार दुखतायत. उन्हामुळे असेल का? मित्र म्हणाला दोन दिवस वाट बघ.

वाट बघू नका. जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जंतू खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडातून शिरतात, आणि लक्षणं बहुतेक वेळा 5 ते 14 दिवसांत दिसतात. तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण आजच डॉक्टरकडे जा आणि नदीत उघड्या अंगाने उतरलो होतो हे लाज न धरता सांगा, कारण ते सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात ती तपासणी येणारच नाही.

कंबरेखाली एक जुना तीळ आहे. बायको म्हणते तीन महिन्यांत मोठा झालाय आणि एका बाजूने काळपट झालाय. सीझन संपल्यावर दाखवतो, तोपर्यंत त्यावर सनस्क्रीन लावलं तर चालेल?

सनस्क्रीन लावून थांबण्यासारखं हे नाही. आकार वाढणं, रंग बदलणं, कडा वेड्यावाकड्या होणं, यातलं एकही दिसलं तर स्किनच्या डॉक्टरांनी बघायला हवं, आणि तुम्ही दोन सांगताय. तीन महिने आधीच गेलेत. या आठवड्यातली अपॉइंटमेंट घ्या, बायकोला बरोबर न्या, तीळ आधी कसा होता ते तिला माहीत आहे.