श्रावणात स्वस्त झालेली अंडी डिसेंबरात एवढी का कडाडतात?

थंडीत मागणी वाढते, हे उघड कारण. पुरवठा मात्र लगेच वाढत नाही, कारण पिल्लू अंड्यावर यायला साधारण २० आठवडे लागतात. महाराष्ट्राला स्वतःची अंडी पुरत नाहीत, तेलंगण-कर्नाटकातून गाड्या येतात, त्यांचं भाडं वेगळं.

पण थंडी सरल्यावरही भाव पूर्वीइतका खाली येत नाही, माझ्या मते खरी काळजी ती आहे. त्यामागे कोंबडीचं खाद्य आहे, म्हणजे मका आणि सोयापेंड. अंड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा त्याचाच, आणि आता मक्याला इथेनॉलचे कारखानेही गिऱ्हाईक झालेत.

घाऊक दर शेकड्यावर निघतो, किराणा दुकानात नगावर. शक्य असेल तर ३० अंड्यांचा ट्रेच घाऊकवाल्याकडून घ्या, शेजाऱ्यांत वाटून घेतला तरी परवडतो.