ओटी (ओव्हरटाइम) कर, पण बदली सुट्टी सोडू नको
भावा, सुपरवायझर थांब म्हणाला की रोज थांबतोस ते आधी बंद कर, ओटीला तुझी संमती लागते आणि रेट नेहमीच्या दुप्पट.

नवी पोरं फसतात ती वीकली ऑफला बोलावल्यावर. डबल पैसे मिळाले म्हणजे विषय संपला असं वाटतं, पण कारखान्यात ती सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी त्याच महिन्यात नाहीतर पुढच्या दोन महिन्यांत द्यावीच लागते, तोंडी कबुलीवर राहू नको, रजिस्टरला चढवून घे.

- आउट पंच (सुटल्याची हजेरी) केल्यावर परत मशीनवर जायचं नाही.
- नाइटला लागून फर्स्ट शिफ्ट अजिबात घेऊ नको, प्रेसवर बोटं जातात ती अशाच डुलकीत.

बाकी रजेचे नियम नंतर सांगतो, आज नीट झोप.